चौदा नंबरची बाटली

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती दशांशबाई. किती वाजले असं विचारलं तर "साडेदहा होत आले" असं उत्तर तिच्या तोंडून कधी निघालं नाही. दहा अठ्ठावीस म्हणजे दहा अठ्ठावीस. माणसांचीही तिनं मनातल्या मनात दोन रकान्यांत वाटणी केलेली होती. एका रकान्यात मोजणारी, दुसऱ्यात अंदाजपंचे बोलणारी. मोजणाऱ्यांत ती स्वतः होती आणि तिला शिकवणारे एक प्राध्यापक होते, आणि ते वारले होते. बाकीचं जग दुसऱ्या रकान्यात. त्यात धाकटा भाऊ होता, साहेब होते, बाटल्या धुणारी मावशी होती, आणि सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरांत, भावजय होती.

भांडण असं काही नव्हतं. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत, पण अगदी सभ्यपणानं, चहाची कपबशी पुढं करून. भावजयीला चार महिन्यांची मुलगी होती. अंगावरचं दूध पुरत नसे, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून बाटलीनं पाजावी लागे. आणि नळाच्या पाण्यावर भावजयीचा काडीचा विश्वास नव्हता. ती विकतचे जार आणायची.

दोन महिन्यांपूर्वी बाळ बघायला सगळे जमले होते, तेव्हा विषय निघाला.

"ताई, दुपटी काळी पडतात हो," भावजय म्हणाली. "पांढरी घेतलेली, आता बघा. बादलीच्या बुडाशीही काळं काळं बसतं. नखानं खरवडलं तर बुळबुळीत लागतं."

दशांशबाईनं दुपटं हातात घेतलं, उजेडात धरलं आणि परत दिलं. "अगं, साबण मूठभर आणि पाणी चमचाभर, असं धुतलं की दुपटंच काय, माणूसही काळा पडेल."

सगळे हसले. भाऊ सगळ्यात मोठ्यानं हसला. भावजयही हसली, पण तिचं हसू ओठांच्या कडेला येऊन थांबलं.

"काळं पडतं ते मँगनीजनं," दशांशबाई पुढं म्हणाली. तिला अर्धवट बोलून सोडायची सवय नव्हती. "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जो नळ आहे तो आमच्याकडचा चौदा नंबर. दर आठवड्याला तपासते मी. लिटरला शून्य पूर्णांक शून्य तीन मिलिग्रॅम. चालतं शून्य पूर्णांक एकपर्यंत. तिसरा हिस्सासुद्धा नाही."

"म्हणजे पाजलं तरी चालेल?"

"मी सही करून देते."

आणि तिनं खरंच दिलं. दुसऱ्याच दिवशी चौदा नंबरचं तपासणी पत्रक छापून, खाली सही ठोकून, भावाच्या हाती पाठवलं. संध्याकाळी भावाचा फोन आला, "ताई, तुझ्या कागदानं जार बंद झाले बघ." दशांशबाईला बरं वाटलं. एक माणूस अंदाजपंच्यांच्या रकान्यातून पुसला गेला, असं वाटलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, ब्रशवरून भांडण लागलं.

प्रयोगशाळेची सामानखोली ज्यांच्या ताब्यात होती त्यांना सगळे नाहीबुवा म्हणत. काहीही मागायला जा, त्यांचा पहिला शब्द ठरलेला. आज त्यांच्यासमोर मावशी उभी होती, कमरेवर हात, आणि टेबलावर झिजून टक्कल पडलेले बाटल्या धुवायचे दोन ब्रश.

"नाही बुवा," नाहीबुवा म्हणत होते. "गेल्या महिन्यात तीन नेलेस. खातेस का काय?"

"मी नाही खात. तुमची चौदा नंबर खाते," मावशी म्हणाली. "तिला एकटीला एक ब्रश लागतो. नऊ आणि एकवीस मिळून दुसरा. उरलेल्या तेवीस बाटल्यांना मिळून तिसरा, तोही नवाच्या नवा राहतो. हवं तर या मोरीपाशी, घासून बघा. तेवढीच पोटाची वळी कमी होईल."

दशांशबाई कोऱ्या कागदांचा गठ्ठा न्यायला आली होती. गठ्ठा उचलून ती दारापर्यंत गेलीही. मग थांबली.

इथं त्या प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी. शहरातल्या सव्वीस नळांवरून दर सोमवारी पाणी यायचं, आणि प्रत्येक नळाची बाटली ठरलेली होती. लिटरभराची दुधी प्लास्टिकची बाटली, तिच्यावर तेलरंगानं आकडा. चौदाचं पाणी चौदातच, जन्मभर. अदलाबदल होऊ नये म्हणून ही शिस्त दशांशबाईनंच लावली होती, अकरा वर्षांपूर्वी, ती इथं आली तेव्हा.

"मावशी," ती म्हणाली, "चौदाला ब्रश का लागतो?"

"का म्हणजे? आतनं काळी होते म्हणून."

"केव्हापासून?"

मावशीनं जरा विचार केला. "माझ्या नातवाचा दात पडला त्या साली सुरू झालं. टेकडीमागचं पाणी आलं नव्हतं का नवीन, त्याच्या आसपास. आता त्या नातवाला मिशा फुटल्यात."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी बाटली धुतली नाहीत," मावशी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते तिनं सांगितलं.

दोघी मोरीपाशी गेल्या. या आठवड्याच्या बाटल्या रिकाम्या करून पालथ्या ठेवल्या होत्या, अजून धुवायच्या होत्या. मावशीनं चौदा उचलून खिडकीकडं धरली. आतून सगळीकडं तपकिरी काळसर थर बसला होता, जुन्या आरशाच्या पाठीसारखा. शेजारची तेरा स्वच्छ होती. बाराही.

"गेल्या आठवड्यात नीट घासली होतीस?"

मावशीनं तिच्याकडं असं पाहिलं की दशांशबाईला प्रश्न परत घ्यावासा वाटला. "बाई, व्हिनेगर घालून घासते मी. माझ्या हातची बाटली उन्हात धरली तर पलीकडचा माणूस दिसतो. हे आहे ते या सोमवारचं आहे."

या सोमवारचं. म्हणजे एका लिटर पाण्यातलं.

दशांशबाई बाटली घेऊन आपल्या टेबलाशी आली आणि खुर्चीत बसली. समोर भिंतीवर तिच्याच अक्षरात तपासणीची पद्धत लिहिलेली होती. पहिलं वाक्य: नमुना घेतानाच बाटलीत अ‍ॅसिड घालावे. तिनं ते वाचलं. अकरा वर्षांत ते वाक्य तिला दिसलं नव्हतं. भिंतीवरचा पोपडा जसा रोज दिसून दिसत नाही, तसं.

अ‍ॅसिड घातलं की मँगनीज पाण्यात विरघळलेलं राहतं. नाही घातलं तर दोन-तीन दिवसांत ते पाण्यातून निघतं आणि बाटलीच्या अंगाला चिकटून बसतं. हे तिला ठाऊक होतं. परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं, आणि पाचांपैकी पाच मिळाले होते.

मग तिनं काय केलं होतं? नमुने गोळा करणाऱ्या शिपाईकाकांच्या पिशवीत एकदा अ‍ॅसिडची कुपी फुटली होती. मांडीवर चट्टा उठला, पँटला भोक पडलं. काका लंगडत आले तेव्हा ही नवी होती, मन मऊ होतं. "राहू दे काका," म्हणाली, "अ‍ॅसिड इथं आल्यावर मीच घालीन." आणि ती घालत होती. न चुकता, वीस थेंब, मोजून. फक्त बाटलीत नाही. त्याच बाटलीतलं पाणी इतर तपासण्यांनाही लागायचं, ते बिघडू नये म्हणून ती बुधवारी शंभर मिलिलिटर पाणी बीकरमध्ये ओतून घ्यायची आणि अ‍ॅसिड त्या बीकरमध्ये घालायची. ओततानाही हलक्या हातानं, बाटली न हलवता, तळाचा गाळ वर येऊ नये म्हणून. व्यवस्थितपणा तो किती.

म्हणजे अकरा वर्षं ती मँगनीज बाटलीत ठेवून बाकीचं पाणी तपासत होती, आणि मँगनीज मावशी घासून मोरीत सोडत होती.

ती उठली आणि काम करू लागली. दुसरं काही तिला येत नव्हतं. शंभर मिलिलिटर पाण्यात अ‍ॅसिड घेतलं, पेरॉक्साइडचे थोडे थेंब टाकले, ते चौदा नंबरच्या बाटलीत ओतून बाटली हातावर लोळवली. काळा थर बघता बघता विरघळला. बाटली स्वच्छ झाली, मावशीच्या ब्रशशिवाय. मावशी मागं उभी राहून बघत होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे होतं तर मला का नाही दिलंत इतकी वर्षं?"

दशांशबाईनं तसंच अ‍ॅसिडचं पाणी मावशीनं धुतलेल्या एका स्वच्छ बाटलीतही घातलं, अ‍ॅसिडचाच काही दोष नाही ना हे बघायला. दोन्ही बीकरमध्ये काढली, नेहमीची पावडर टाकली आणि तापवायला ठेवली. या तपासणीत मँगनीज असेल तर पाणी गुलाबी होतं. तिच्या हातून आजवर झालेला गुलाबी म्हणजे मागं पांढरा कागद धरून, डोळे बारीक करून शोधावा लागणारा. आहे की नाही याची स्वतःशी चर्चा करावी लागे.

स्वच्छ बाटलीचं पाणी उकळलं आणि पाण्यासारखंच राहिलं.

चौदाचं पाणी आधी गुलाबी झालं. मग जांभळं. मग इतकं गर्द जांभळं की बीकरच्या पलीकडची खिडकी दिसेना. मावशीनं वाकून बघितलं. "शाई सांडली का?" तिनं विचारलं.

यंत्राला एवढा रंग मोजता येईना. दशांशबाईनं ते दहापट पातळ केलं. लिटरभर पाण्यातलं शंभर मिलिलिटरमध्ये आलेलं होतं, ते पुन्हा दहापट पातळ केलं की येईल तो आकडा थेट लिटरचा. आकडा आला एक पूर्णांक बारा. तिनं पुन्हा घेतला. एक पूर्णांक बारा. यंत्र पुसलं, काच पुसली, पुन्हा घेतला. एक पूर्णांक तेरा.

मर्यादा शून्य पूर्णांक एक. अकरापटीहून जास्त. आणि तिची सही असलेल्या कागदावर शून्य पूर्णांक शून्य तीन.

तिला काही वाटलं का, तर तसं काही वाटलं नाही. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं आतून काहीतरी दणकन आदळलं आणि मग सगळं शांत झालं. मोठ्या माणसांचं एक असतं, त्यांचं शरीर नको ते बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाला ते धड जमत नाही. ते डोक्यात जाऊन बसतं, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. ती पुस्तकं तिच्या मागच्याच फडताळात होती. बाळ दिवसातून सहा वेळा बाटली पीत होतं. दोन महिने. साठ गुणिले सहा. गुणाकार तिनं करायचा नाही असं ठरवलं, आणि तो होऊन गेला.

तिनं भावजयीला फोन लावला. वाजत राहिला. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद करायची. भावाला लावला, तो कामावर होता, त्यानं उचलला नाही.

नऊ आणि एकवीस तिनं मावशीच्या शब्दावर घेतल्या. नऊ: शून्य पूर्णांक शहाऐंशी. एकवीस: शून्य पूर्णांक चौसष्ट. भिंतीवरच्या नकाशात तिनं तिन्ही नळ शोधले. टेकडीमागच्या नव्या विहिरीवरून निघणाऱ्या एकाच जलवाहिनीवर तिन्ही बसलेले, आणि त्या जलवाहिनीवर दुसरा एकही नंबर नव्हता. मावशीनं नकाशा कधी पाहिला नव्हता. ब्रशच्या झिजण्यावरून तिनं तीन नळ अचूक सांगितले होते, आणि अंदाजपंच्यांच्या रकान्यात बसून सांगितले होते.

साहेबांच्या खोलीत ती कागद घेऊन गेली तेव्हा ते चष्मा पुसत होते. त्यांनी चष्मा लावला, आकडे वाचले, चष्मा काढला.

"पुन्हा करून बघा. उद्या."

"तीनदा केलंय साहेब."

"बाटलीचाच रंग असेल."

"स्वच्छ बाटलीत शून्य आलं."

साहेबांनी पुन्हा कागदाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग अकरा वर्षं आपण काय करत होतो?"

"आपण नाही. मी."

"हे वर कळवायला लागेल. नीट, पद्धतशीर. तोवर बाहेर कुणाशी बोलू नका. लोक घाबरतील."

"वर तुम्ही कळवा, आजच. मी भावाकडं चालले आहे," दशांशबाई म्हणाली. "नातेवाइकांकडं जायला परवानगी लागत नाही."

साहेब हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. आयुष्यभर त्यांनी याच कौशल्यावर बढत्या घेतल्या होत्या. पण ती दाराबाहेर पडली तेव्हा त्यांनी फोन उचललेला होता, एवढं तिनं पाहिलं.

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. गल्लीच्या तोंडाशी चौदा नंबरचा नळ, त्याखाली भरायला लावलेला एक डबा, आणि नळाखालच्या फरशीवर काळा डाग. तो डाग तिनं दर भेटीत पाहिला होता. तिनं त्याला शेवाळ म्हणून टाकलं होतं.

जिना चढताना ती वाक्य जुळवत होती. एकही जुळलं नाही. भावजयीनं दार उघडलं. खांद्यावर बाळ होतं, हातात पुसायचं फडकं.

"ताई, या वेळेला? बरं आहे ना सगळं?"

"बाळाला पाणी कुठलं घालतेस?"

भावजयीच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी आलं.

"नळाचं घालत असशील तर आत्ता बंद कर," दशांशबाई एका दमात म्हणाली. "मी चुकले. मँगनीज आहे. मर्यादेच्या अकरापट. दुपटी त्यानंच काळी पडतात. तुझं धुणं बरोबर होतं आणि माझा कागद चूक होता."

भावजयीनं दार लोटलं. मग ती कपडे धुण्याच्या यंत्रामागं वाकली आणि त्यावरची चादर बाजूला केली. तिथं पाण्याचा जार होता, अर्धा भरलेला.

"ह्यांना माहीत नाही," ती खाली बघत म्हणाली. "वरच्या आजी आपल्या नावावर मागवतात. बाळाला तुमचं पाणी मी एक दिवसही दिलं नाही. रागावू नका ताई. तुमच्या कागदावर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण दुपट्यावर जास्त होता."

दशांशबाई यंत्राला टेकून खाली बसली. बाळ तिच्याकडं बघत मूठ चोखत होतं. आपलं कुणी ऐकलं नाही याचा इतका आनंद तिला अकरा वर्षांत कधी झाला नव्हता. ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"अगं, शहाणी आहेस तू," ती म्हणाली. "मी तुला कुठल्या रकान्यात घातलं होतं, ते विचारूसुद्धा नकोस."

भावजय मात्र हसली नाही. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता, कुणीतरी आतून दिवे एकेक करून मालवावेत तसा.

"ताई," ती म्हणाली, "तो कागद मी जिन्यात लावला."

"कुठला?"

"तुमचा. सहीचा. मला कागद पटला नाही असं तुम्हाला कळू नये म्हणून. हे येता-जाता बघतील, तुम्हाला सांगतील, म्हटलं बरं वाटेल तुम्हाला. खाली पत्रपेट्यांपाशी लावलाय. सगळ्यांनी वाचला." ती थांबली. "तळमजल्यावरच्या जुळ्यांच्या आईनंही. तिचेही जार होते. मला म्हणाली, तुमच्या नणंदेनंच तपासलंय म्हटल्यावर काय बघायचं. त्या दिवसापासून तिनं बंद केले."

"जुळी किती महिन्यांची?"

"आपल्या बाळाहून तीन आठवड्यांनी लहान."

खोलीत कपड्यांच्या यंत्रातून थेंब थेंब पाणी पडण्याचा आवाज येत होता. दशांशबाई उठली. आलेला आनंद आल्या पावली परत गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला तिच्याकडं आकडा नव्हता. कुणीतरी तिचा शब्द ऐकला होता. मोजून, तंतोतंत, जसा ऐकायला हवा तसा.

"मी येऊ बरोबर?" भावजयीनं विचारलं.

"नको. सही माझी आहे."

पण भावजय बाळासकट मागं आलीच.

तळमजल्यावरचं दार उघडंच होतं. आत एक जुळं चटईवर पालथं पडून मान उचलत होतं, दुसरं पाळण्यात. त्यांची आई ओल्या हातांनी बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली दोन बाळांच्या जागरणाचा हिशेब. भावजयीला पाहून तिला बरं वाटलं, आणि दशांशबाईला ओळखून जास्तच.

"या ना, या. तुम्हीच ना त्या, पाण्याच्या? तुमच्यामुळं माझे किती कष्ट वाचले म्हणून सांगू. तो जार उचलून उचलून कंबरडं मोडलं होतं माझं."

दशांशबाईनं तोंड उघडलं. वरच्या मजल्यावर एका दमात बाहेर पडलेली वाक्यं इथं एकेक करून काढावी लागली. आकडा कुठला दिला होता. खरा कुठला आहे. चूक कुणाची. मुलांना यापुढं ते पाणी नाही. ती बोलत होती आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं होतं, ते उचलून कुठं ठेवायचं हे तिला कळत नसल्यासारखं.

सगळं सांगून झाल्यावर त्या बाईनं स्वयंपाकघराकडं मान वळवली.

"पण मी उकळून देते," ती म्हणाली. "चांगलं वीस मिनिटं उकळते. आत्ताही ठेवलंय. उकळलं की जातं ना ते?"

भावजयीनं दशांशबाईकडं पाहिलं. नाही म्हणणं किती सोपं असतं, नाहीबुवा दिवसातून पन्नास वेळा म्हणतात.

"नाही," दशांशबाई म्हणाली. "उकळून ते जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं."

बाई आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. चटईवरच्या बाळाची मान दमून खाली टेकली आणि ते कुरकुरू लागलं. भावजयीनं खाली बसून एका हातानं त्याच्या पाठीवर थोपटलं.

बाई बाहेर आली तेव्हा तिचे हात कोरडे होते. ती दशांशबाईकडं न बघता दारापाशी गेली आणि जिन्यात तोंड वर करून म्हणाली, "पहिल्या मजल्यावरच्या, दुसऱ्यावरच्या, सगळ्या जरा खाली या. मुलं घेऊन या." मग वळून, त्याच आवाजात, तिनं दशांशबाईला सांगितलं, "तुम्ही जाऊ नका. मला जसं सांगितलंत तसंच सगळ्यांना सांगा. दोन महिने मीच सांगत होते त्यांना, की घाला, चांगलं आहे."

वर दोन दारं उघडली. तिसरं उघडलं. चपलांचे आवाज जिना उतरू लागले.